फ्रोजन शोल्डरसाठी मॅन्युअल थेरपी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

फ्रोजन शोल्डरसाठी फिजिओथेरपीचं दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, की बऱ्याच ठिकाणी त्यातला मोठा वेळ शेक आणि करंट यांतच संपतो. गरम पिशवी पंधरा मिनिटं, आयएफटीचे, म्हणजे करंट देणाऱ्या मशीनचे, चार पॅड पंधरा मिनिटं, जेल लावून अल्ट्रासाउंड पाच-सात मिनिटं, आणि शेवटी ‘आता भिंतीवर बोटं चढवा’ म्हणून पाठवणी. एवढ्यात थेरपिस्टचा हात खांद्याला धड लागलेलासुद्धा नसतो. शेकाने स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण आखडलेला सांधा जागचा हलवायचं काम हातांनी होतं. म्हणून हे परीक्षण फक्त त्या हातांच्या कामाचं, म्हणजे मोबिलायझेशनचं.

‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव अमेरिकन सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिलं. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, सुजते, जाड होते आणि आकसते. साधारण चाळीस ते साठ या वयात, बायकांना थोडं जास्त, आणि मधुमेह असलेल्यांना तर इतरांच्या कितीतरी पट. हात बाहेरच्या बाजूला फिरवणं सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जातं. मग हात बाजूने वर नेणं, मग पाठीमागे नेणं. ब्लाऊजचा मागचा हूक, अंबाडा, मागच्या खिशातलं पाकीट, लोकलमधली डोक्यावरची कडी, सगळ्या तक्रारी याच तीन हालचालींच्या.

चांगल्या सेवेची पहिली खूण पहिल्या दहा मिनिटांतच दिसते: कोन मोजला जातो. पेशंटला पाठीवर झोपवायचं, कोपर अंगाला चिकटवून काटकोनात ठेवायचं, आणि हात बाहेर किती वळतो ते गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या साधनाने, बघायचं. निरोगी खांद्यात तो साठ अंशांच्या पुढे जातो, आखडलेल्यात कधी वीस, कधी दहासुद्धा. आधी पेशंटने स्वतः हलवून, मग थेरपिस्टने हलवून, असं दोनदा मोजायचं. दोन्ही वेळा अडकण जवळपास एकाच जागी आली तर दोष बहुधा कॅप्सूलचा. पेशंटला स्वतः हात वळत नाही पण थेरपिस्टच्या हाताने सहज वळतो, तर स्नायूबंध फाटल्याचा संशय घ्यायचा, आणि मग फ्रोजन शोल्डरचे उपचार चालवून उपयोग नाही. पाठीमागे हात नेऊन अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो तेही लिहून ठेवायचं. हे आकडे कागदावर नसतील तर पाचव्या सिटिंगला ‘बराच फरक आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

एक्स-रे आणलाय का, हा प्रश्नही तिथेच यायला हवा. फ्रोजन शोल्डरमध्ये तो बहुधा साफ येतो. सांध्याची झीज, किंवा झटका येऊन पडल्यावर मागच्या बाजूला निसटलेला खांदा, यांतही हात बाहेर वळत नाही, आणि तिथे जोर लावणं धोक्याचं. कॅन्सरचा इतिहास, ताप, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी गोळी यांची विचारपूस न करता थेट हात घालणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आता मुख्य काम. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांध्याला द्यायच्या हेलकाव्यांच्या पायऱ्या ठरवल्या, आणि आपल्याकडच्या कॉलेजांतून त्याच शिकवतात. पहिली पायरी हालचालीच्या सुरुवातीलाच, अगदी बारीक. दुसरी मोठी, पण अडकणीपर्यंत न जाणारी. तिसरी मोठी आणि अडकणीला भिडणारी. चौथी अडकणीवरच, बारीक. पहिल्या दोन दुखणं शमवायला, पुढच्या दोन ताठरपणा काढायला. सेवेचा कस इथेच लागतो. पहिल्या काही महिन्यांत रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, झोपेत हात हलला तरी जाग येते. तेव्हा तिसरी-चौथी पायरी लावली की सूज वाढते आणि पेशंट दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. उलट, वर्ष होत आलं, दुखणं ओसरलंय, नुसता ताठरपणा राहिलाय, आणि तरी कोणी पहिल्या पायरीवरच अलगद हात फिरवत बसलं, तर ते महागडं लाड करणं झालं.

हात बाहेर वळवण्यासाठीची सर्वांत उपयोगी ग्लाइड, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत सरकवण्याची हालचाल, जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती सर्वांत जास्त चुकवली जाते. पेशंट पाठीवर, खांदा कॉटच्या कडेला. खवाट्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, म्हणजे खवाटा जागचा हलत नाही. दंड अंगापासून सोसेल तितका, चाळीस-पन्नास अंश, बाजूला. थेरपिस्ट एका हाताने कोपर आणि पुढचा हात तोलून धरतो. हा आधार मऊ नसेल तर पेशंट नकळत हात स्वतःच पेलतो, आणि पेललेल्या खांद्यावर कसलीच ग्लाइड चालत नाही. दुसऱ्या हाताच्या तळव्याची टाच दंडाच्या हाडाच्या गोळ्यावर, समोरून, खांद्याच्या वरच्या हाडाच्या कडेच्या जरासं खाली. मग जोर कॉटच्या दिशेने, पण सरळ खाली नाही, किंचित बाहेरच्या बाजूला, कारण खांद्याची खोबण तिरकी बसलेली असते. थेरपिस्टचं कोपर सरळ, जोर मनगटाचा नाही, अंगाच्या वजनाचा. अडकण लागली की तिथे तीस सेकंदांपासून मिनिटभर धरायचं, सोडायचं, पुन्हा. असे पाच-सहा फेरे. हालचाल मिलिमीटरांत असते. बघणाऱ्याला वाटतं काही चाललेलंच नाही.

सर्वांत सर्रास चूक म्हणजे हात एक-दोन बोटं आतल्या बाजूला पडणं. तिथे कोराकॉइड नावाचं हाडाचं टोक आहे. त्यावर दाब पडला की कळ येते आणि सांधा जागचा हलत नाही. पेशंटने ‘इथे टोचतंय’ म्हटल्यावर हात न सरकवता ‘थोडं सहन करा’ म्हणणारा थेरपिस्ट जागा चुकलाय, एवढं नक्की. दुसरी चूक टॉवेल न ठेवण्याची. मग दंडाऐवजी अख्खा खवाटा मागे जातो, कोन वाढल्यासारखा वाटतो, आणि घरी पोचेपर्यंत परत तेवढाच. तिसरी चूक दिशेची. हाडाचा गोळा पुढे सरकला की हात बाहेर वळेल, असा पुस्तकी हिशेब करून बरेच जण मागून पुढे ढकलतात. २००७ साली अमेरिकेत २० पेशंटवर दोन्ही दिशा पडताळल्या गेल्या. सहा सिटिंगनंतर मागे ढकललेल्या गटाची बाहेर वळण्याची हालचाल सरासरी ३१ अंशांनी वाढली, पुढे ओढलेल्यांची अवघ्या तीन अंशांनी. अभ्यास लहान आहे. तरी इतका फरक दिसल्यावर मागचीच दिशा आधी करून बघायला हवी.

हात वर नेण्यासाठीची खालच्या दिशेची ग्लाइड त्या मानाने सोपी. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा दंडावर, खांद्याच्या कडेच्या अगदी लगत, आणि जोर पायाकडे. यात खांदा कानाकडे उचलला जातोय का, एवढंच बघायचं.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत वेगळी. पेशंट स्टुलावर बसतो, थेरपिस्ट हाताने किंवा पट्ट्याने गोळा मागे धरून ठेवतो, आणि त्याच वेळी पेशंट स्वतः हात वर नेतो. सहा ते दहा वेळा, तीन फेरे. अट एकच: हालचाल होताना दुखता कामा नये. दुखलं तर दिशा बदलायची, जोर बदलायचा. दोन-तीन प्रयत्नांत दुखणं गेलं नाही तर ही पद्धत या खांद्यासाठी नाही. इथे मलिगनच्या नावाखाली दुखत असताना हात वर रेटला जातो, तो प्रकार मलिगनचा नव्हे. दुखणं कमी झालेल्या, हात खांद्याच्या उंचीपर्यंत जाणाऱ्या पेशंटला यात लगेच फरक दिसतो, आणि तो फरक घरी टिकवायची हौसही येते.

आता या सगळ्याने किती फरक पडतो? २००४ साली नेदरलँड्समधल्या ७७ पेशंटच्या अभ्यासात दुखण्याच्या हद्दीपलीकडे ताणणारी जोरकस फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ६३ टक्के दोन वर्षांनी चांगल्या स्थितीत होते. नुसतं समजावून, आधार देऊन, दुखेल तिथे थांबून व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के. ‘दुखल्याशिवाय खांदा सुटत नाही’ ही आपल्याकडची लाडकी समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही. दुसरा मोठा अभ्यास ब्रिटनचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला, ५०३ पेशंटचा. भूल देऊन खांदा हलवणं, दुर्बिणीतून कॅप्सूल सोडवणं, आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनसह बारा सिटिंगपर्यंतची आखीव फिजिओथेरपी, या तिघांत वर्षअखेर मोठा फरक दिसला नाही. लक्षात ठेवायचं ते असं, की त्या फिजिओथेरपीसोबत इंजेक्शन होतं. पहिल्या, ठणकत्या टप्प्यात इंजेक्शन घेऊन दुखणं खाली आणलं, की हातांच्या कामाला जागा मिळते. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, म्हणून मोजत राहावं आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं.

घरचा वाटा न देणारी सेवा अर्धी. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं मिळवलेला कोन उरलेल्या वेळात हात पोटाशी धरून बसलं तर परत जातो. पाठीवर झोपून, कोपर काटकोनात अंगाशी, दोन्ही हातांत एक काठी किंवा लांब लाटणं, आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचं. टोकाला दहा-पंधरा सेकंद, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला तर खांदा पुढे झुकत नाही. टेबलावर फडका ठेवून बसल्या जागी हात पुढे सरकवणं हा दुसरा व्यायाम. भिंतीवर बोटं चढवणं त्यामानाने कमी कामाचं, कारण माणूस खांदा उचकून आणि कंबर वाकवून उंची गाठतो. व्यायामानंतर दुखणं अर्ध्या-पाऊण तासात निवलं तर प्रमाण ठीक. रात्रीची झोप मोडली किंवा दुसऱ्या सकाळी खांदा जास्त ठणकला, तर फेरे निम्मे करायचे, पूर्ण बंद नाही.

पैशांचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत एका सिटिंगचे सर्वसाधारण चारशे ते हजार रुपये पडतात, घरी येऊन करणाऱ्यांचे अर्थात जास्त. तीस मिनिटांत निदान पंधरा-वीस मिनिटं हातांचं काम असेल तर पैसे वसूल. एक थेरपिस्ट पडद्याआडच्या चार कॉटवर एकाच वेळी करंट लावत फिरत असेल, तर दर कमी असला तरी महागच. वीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागणारं पॅकेज नाकारावं. सहा घ्यावीत, कोन पुन्हा मोजून मागावा, मग पुढचं ठरवावं. ताठ टप्प्यातल्या खांद्यात सहा सिटिंगमध्ये काहीच अंश हलले नाहीत तर तंत्र, पायरी किंवा निदान यांतलं काहीतरी चुकतंय, आणि ऑर्थोपेडिककडे जाण्याची ती वेळ.

हाडवैद्याकडे तेल लावून हात झटक्यात वर नेण्याचा प्रकार, किंवा रीलमध्ये दिसतो तो कडकट्ट आवाज, यांना या आजारात जागा नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. त्याने आकसलेली कॅप्सूल सैल होत नाही. झटक्याने खांदा हलवायचाच असेल तर ते ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, सर्जनने करायचं काम. ठिसूळ हाडांच्या पेशंटमध्ये तर तिथेसुद्धा दंडाचं हाड मोडण्याची भीती असते.

अपॉइंटमेंटच्या फोनवर दोनच प्रश्न पुरतात. थेरपिस्टची राज्य कौन्सिलकडे नोंदणी आहे का, आणि अर्ध्या तासात मशीन किती मिनिटं, हात किती मिनिटं. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर गरम पाण्याची पिशवी घरीही मिळते.