समीकरणं की वेग-काल आलेख?

गाडी थांब्यावरून सुटते, 10 सेकंदांत 20 मी/से वेग गाठते, तोच वेग 30 सेकंद ठेवते आणि ब्रेक लावून 5 सेकंदांत थांबते. एकूण अंतर किती?

गतीच्या समीकरणांनी सोडवलं तर तीन टप्पे वेगळे करावे लागतात: 100 + 600 + 50, म्हणजे 750 मीटर. विद्यार्थी घसरतात ते तिसऱ्या टप्प्यात. तिथे सुरुवातीचा वेग 20 आणि त्वरण (दर सेकंदाला वेगात होणारा बदल) उणे 4 मी/से² आहे. पण पहिल्या टप्प्यातलं अधिक 2 सवयीने पुढे ओढलं जातं.

वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, आणि आलेखात हाच प्रवास एक समलंब चौकोन होतो. समांतर बाजू 45 आणि 30, उंची 20; क्षेत्रफळ पुन्हा 750. एकाच ओळीत काम होतं, आणि ब्रेकची रेघ उतरती दिसत असल्याने चिन्ह चुकत नाही. टप्पे अनेक असतील तर आधी आलेखच काढावा, असं आमचं ठाम मत आहे. त्वरण बदलतं असेल तर ही समीकरणं लागूच होत नाहीत, क्षेत्रफळ मात्र चालतं.

पण 20 मीटरवरून सोडलेल्या दगडाचा जमिनीवर आदळतानाचा वेग हवा असेल, तर वेळ दिलेलीच नसते. तिथे गुरुत्व त्वरण 10 मी/से² धरलं, तर वेगाचा वर्ग = 2 × 10 × 20, म्हणून 20 मी/से. आलेख कशाला?

चेंडू वर फेकल्यावर तो खाली येऊ लागला की वेग उणे होतो आणि आलेख अक्षाखाली जातो. विस्थापनासाठी (सुरुवातीपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) अक्षाखालचं क्षेत्रफळ वजा करा, एकूण अंतरासाठी मिळवा.