नाशिकच्या अंबडमधे बनवून घेतलेला १२ टँकचा श्रिंप रॅक, सात महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मत्स्यालयात पाळायच्या छोट्या रंगीत कोळंबीचे (श्रिंप) काचेचे टँक ठेवायचा हा लोखंडी रॅक जबरदस्त आहे. साधारण ५६० किलो वजन सात महिने झाले त्याच्यावर उभं आहे आणि कुठे पाईप वाकलेला नाही की वेल्ड सुटलेलं नाही. ५ पैकी ४ देतोय. एक स्टार का कापला ते खाली येईलच, त्यात अर्धी चूक माझी आहे.

फॅब्रिकेशनवाल्याचं नाव टाकत नाही कारण काकांनीच सांगितलंय, "भाऊ, असली बारीक कामं अजून कोणाची पाठवू नका, आमचं गेट-ग्रीलचं पडून राहतं." अंबड एमआयडीसीच्या कुठल्याही गल्लीत शिरलात तर गेट, ग्रील, कंपन्यांच्या ट्रॉल्या बनवणारे असे शेड दिसतीलच, त्यातलंच हे एक.

आता १२ टँक कशाला हा प्रश्न घरी पण विचारून झालाय. आई तर अजून म्हणते "खाता येत नाही ती कोळंबी कशाला पाळायची". तर निओकॅरिडिना या श्रिंपचे लाल चेरी, ब्लू ड्रीम, पिवळे वगैरे सगळे रंग मुळात एकाच जातीचे, एका टँकमधे ठेवले की आपापसात ब्रीड होतात आणि दोनतीन पिढ्यांत मातकट, पारदर्शक पिल्लं निघायला लागतात, म्हणजे जंगली रंग परत येतो. म्हणून प्रत्येक रंगाला वेगळा टँक, फिके पिल्लू काढून ठेवायला वेगळा, नवीन आणलेला माल महिनाभर बाजूला ठेवायला वेगळा, असं करत करत १२ झाले. एका मादीच्या पोटाखाली वीस-तीस अंडी, साधारण महिन्याभरात थेट छोटं श्रिंपच बाहेर येतं, मधे अळीची स्टेज नाही, त्यामुळे एकदा जमलं की जागा कमीच पडते.

आधी मी शहाणपणा करून किराणा दुकानात असतो तसला नटबोल्टचा पत्र्याचा रॅक आणला होता. स्वस्त पडला. त्यावर चारच टँक ठेवले तर पत्रा मधे दबला, टँकला पीळ पडला आणि एका रात्री सिलिकॉनचा जोड सुटून सगळं पाणी हॉलमधे. दुकानदार म्हणाला रॅक सामान ठेवायला असतो, पाणी ठेवायला नाही. बरोबरच होतं त्याचं पण घेताना मी त्याला टँकसाठीच पाहिजे म्हणून सांगितलेलं.

म्हणून काकांकडे गेलो. तिथे पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे त्यांनी रंग, डिझाईन काही न विचारता विचारलं "भरल्यावर एक टाकी किती किलो?" माझा हिशोब तयार होता. १८ बाय १२ बाय १२ इंचाचा टँक काठोकाठ ४२ लिटरचा, पण आपण दोन इंच खाली भरतो म्हणजे ३५ लिटर धरा, पाणी एक लिटरला एक किलो, ५ एमएमची काच साडेसात किलो, तळाची सॉईल (माती) चारेक किलो, म्हणजे टँकमागे ४६-४७ किलो. टँक मी आडवे न ठेवता उभे ठेवले, १२ इंचाची बाजू समोर आणि १८ इंच आत, त्यामुळे ५२ इंच रुंदीत एका कप्प्यात चार बसतात. बघायला आडवे छान दिसतात पण ब्रीडिंगला जागा महत्त्वाची. एका कप्प्याला १८५ किलो म्हटल्यावर काकांनी १६ गेजचा (पातळ पत्र्याचा) पाईप लगेच बाजूला केला, दीड इंची चौकोनी पाईप २ एमएम जाडीचा घेतला, प्रत्येक दोन टँकच्या मधे आडवा सपोर्ट आणि प्रत्येक जोडाखाली अँगलचा छोटा टेकू. म्हणे "वजन नुसत्या वेल्डवर लटकवायचं नसतं". हे मी सांगितलं नव्हतं. किलोवर रेट होता, रॅक ५५-५६ किलोच्या आसपास भरला, शेजारच्या शेडमधे पावडर कोटिंग करून आणि छोट्या हत्तीचं भाडं धरून मला नऊ हजाराच्या आत पडला. वर १८ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय आणि त्यावर थर्माकोल मी माझं टाकलं.

आता तक्रार. पहिली, आठ दिवस सांगून बावीस दिवस लावले, दिवाळीच्या आधीची ऑर्डर होती ती दिवाळी उलटल्यावर मिळाली. दुसरी मोठी. मला टँकच्या वर हात घालायला १० इंच मोकळी जागा पाहिजे होती म्हणून मी लाईट बिलाच्या मागे चित्र काढून दोन कप्प्यांत २२ लिहिलं. मला म्हणायचं होतं मोकळी उंची २२. काकांनी धरलं या पाईपच्या वरपासून त्या पाईपच्या वरपर्यंत २२. पाईप आणि प्लाय गेला की वर राहिले पावणेआठ इंच, त्यात ट्यूबलाईट. हात जातो पण जाळी घेऊन हात जात नाही, कोपर अडकतं, खालच्या कप्प्यात पिल्लं पकडायची म्हणजे योगासनच. काका म्हणाले कापून परत जोडून देतो पण कोटिंग जळणार, म्हणून राहू दिलं. त्यांनी एकदा फोन करून विचारायला पाहिजे होतं, मी पण चित्रात बाण काढायला पाहिजे होते. तिसरी, पायाला लेव्हलिंग बोल्ट सांगूनही लावले नाहीत. आमच्या फरशीला मोरीकडे उतार आहे, स्पिरिट लेव्हल लावली तर बुडबुडा एका टोकाला, विचारलं तर उत्तर "पॅकिंग मारा भाऊ". मारलं. पण भरलेला रॅक नंतर उचलता येत नाही, त्यामुळे हे रिकामा असतानाच बघून घ्या.

गंज फक्त एका ठिकाणी आलाय, तो पण मी ट्यूबच्या क्लिपसाठी स्वतः ड्रिल मारलेलं तिथे. भोकं कोटिंगच्या आधीच पाडून घ्यायची असतात हे आता कळलं.

हवेसाठी एकच मोठा पंप, अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपची पूर्ण गोल रिंग केली (टोक बंद ठेवलं तर शेवटच्या टँकला हवा कमी जाते, रिंगमधे प्रेशर सारखं राहतं) आणि प्रत्येक टँकला एक स्पंज फिल्टर. काचवाला सगळ्या टँकला भोकं पाडून खाली एकच संप (सगळ्या टँकचं पाणी फिरवणारी सामायिक टाकी) करून देतो म्हणत होता, मी नाही म्हटलं. एकच पाणी सगळीकडे फिरलं की एका टँकचा रोग बाराही टँकमधे, आणि पिल्लं पाईपमधून जातात ती वेगळी. पंप पाण्याच्या लेव्हलच्या वर पाहिजे नाहीतर लाईट गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं, म्हणून मी रॅकच्या डोक्यावर ठेवला तर पोकळ पाईप असा घुमायला लागला की रात्री वाटायचं घरात पिठाची गिरणी चालू आहे. शेवटी भिंतीवर वेगळी फळी ठोकली, आता शांत.

सगळ्यात खूश मी कशावर असेन तर ड्रिपवर, म्हणजे टँकमधलं उडालेलं पाणी थेंबथेंब भरून काढायच्या सोयीवर. नाशिकमधे राहून मत्स्यालयाच्या दुकानातले महागडे फिटिंग कशाला घ्यायचे, पंचवटीकडे शेतीच्या ड्रिपच्या दुकानात गेलो, १६ एमएमची लॅटरल (मुख्य नळी), ग्रोमेट (रबरी वायसर), मायक्रोट्यूब (बारीक नळी), छोटे कॉक, सगळं मिळून किरकोळ पैशात आलं. वर आरओच्या पाण्याची बादली आणि बारा टँकला बारीक नळी. पाणी उडतं पण त्यातले क्षार उडत नाहीत, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढत जातो, त्यामुळे उडालेल्याची भरपाई नुसत्या आरओनेच करायची. दुकानदाराने आधी प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) दिले होते ते बादलीच्या प्रेशरवर उघडलेच नाहीत, एक मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार मिळतो, ते ड्रिपर द्राक्षबागेच्या पंपासाठी असतात. साधी नळी आणि कॉकच चालतो, फक्त खालच्या कप्प्यात जास्त पडतं म्हणून तिथला कॉक थोडा आवळून ठेवायचा.

उन्हाळा मात्र कठीण गेला. एप्रिलमधे वरच्या कप्प्याचं पाणी ३१ आणि खालचं २९, एकाच रॅकमधे दोन डिग्री फरक. क्रिस्टल रेड (श्रिंपची वेगळी, नाजूक जात) खालीच ठेवले होते तरी निम्मे गेले, त्यांना २४-२५ च्या वर सोसत नाही. पाण्यावर छोटे फॅन लावून दोनतीन डिग्री उतरतं, पण मग पाणी इतकं उडतं की बादली रोज भरायची. चेरीवाले तगले, ब्रीडिंग मात्र थांबलं, पावसाळ्याचे ढग आल्यावर परत पोटाखाली अंडी दिसायला लागली. आणि त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावू नका, किड्यांना मारणारं औषध श्रिंपलाही मारतं, पाहुण्यांनी एक रात्र लावलं तर सकाळी तीस-चाळीस गेलेले.

काकांकडे जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर ते साईटवर असतात आणि पोरगा माप नीट लिहून घेत नाही. ॲडव्हान्स निम्माच द्या. मी दुसरा रॅक, आठ टँकचा, त्यांच्याकडेच टाकलाय, यावेळी माप शेडमधल्या भिंतीवर खडूने एकास एक काढून दाखवलं आणि लेव्हलिंग बोल्ट स्वतः विकत घेऊन त्यांच्या हातात दिले. बारा दिवस झालेत, अजून फोन नाही.