जंताचं औषध पाजायची गन: घ्या, पण सरसकट चालवू नका

माझ्याकडे वीसेक उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि औषध पाजायचं काम मी एकटीच करते. त्यामुळे एका हातात जबडा आणि दुसऱ्या हातात गन धरून काम होतं का, हीच माझ्या लेखी या गनची खरी परीक्षा. होतं. शेळीला कोपऱ्यात घेऊन गुडघ्यांत अडवायची, गालाच्या फटीतून नळी जिभेच्या मागे सरकवायची आणि मूठ दाबायची. नळीचं टोक धातूचं, गोल आहे. तोंड सोलत नाही. मान मात्र वर ताणायची नाही. औषध श्वासनलिकेत गेलं तर जनावर हातचं जातं. खोक्यावर याबद्दल एक ओळ नाही, ती हवी होती.

डोस मागच्या चाकीवर ठरतो, २० मिलीपर्यंत. मोजून पाणी ओतून पाहिलं, माप बरोबर आहे. पूर्वी कोल्ड्रिंकच्या बाटलीने पाजायचो तेव्हा निम्मं औषध हनुवटीवरून खाली. आणि कमी डोस सगळ्यात महागात पडतो, कारण चिवट जंत तेवढ्याने मरत नाहीत आणि पुढची पिलावळ त्यांचीच होते. आमच्या डॉक्टरांनी शेळीला किलोमागे १० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल सांगितलंय. औषध २.५ टक्क्यांचं, म्हणजे मिलीला २५ मिलिग्रॅम. ३० किलोच्या शेळीला १२ मिली झालं. शेळीच्या अंगात हे औषध मेंढीपेक्षा लवकर जिरतं, म्हणून मेंढीचा डोस शेळीला लावायचा नाही. गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात तर हे औषधच नको.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याबद्दल. लेंडीत तांदळासारखे दाणे दिसले की लोक धावत मेडिकल गाठतात. ते चपट्या जंताचे तुकडे, दिसायला किळसवाणे पण त्या मानाने कमी उपद्रवी. खरा घातकी हिमोंकस नावाचा रक्त पिणारा जंत, तो लेंडीत दिसत नाही. डॉक्टरांनी एक मेलेली शेळी उघडून दाखवली होती. चौथ्या पोटाच्या अस्तरावर दोन-तीन सेंटिमीटरचे बारीक दोरे, त्यांना लाल-पांढरा पीळ. लाल म्हणजे प्यायलेल्या रक्ताने भरलेलं आतडं, पांढरा भाग मादीच्या अंडाशयाचा. एक जंत दिवसाला ०.०५ मिली रक्त खातो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत असले की रोजचे ५० मिली. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात अळ्या गवताच्या पात्यावर चढतात. पण बाहेर त्यांची पुढची वाढच नाही, त्याला शेळी-मेंढीसारख्या रवंथ करणाऱ्या जनावराचं पोटच लागतं. पोटात गेल्या की तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू.

शेळी मेली तर जंताचंही दुकान बंद. म्हणून रानात बोरी-बाभळीचा पाला ओरबाडणाऱ्या शेळीचं आणि त्याचं बरं जमतं. अळ्या जमिनीलगतच्या वीतभर गवतात, शेळीचं तोंड वर. एकाच कुरणात दाटी करून चारलं की हिशेब बिघडतो. विण्याच्या सुमारास शेळीची ताकद कमी पडते तेव्हाही अंडी एकदम वाढतात, आणि नेमकी त्याच वेळी करडं तोंड घालायला शिकत असतात. पावसाळ्यात मी दव वाळल्याशिवाय सोडत नाही, ते ओल्या पात्यावर चढलेल्या अळ्यांमुळेच.

म्हणून या गनचं एक वाईट: पाजणं इतकं सोपं होतं की हात थांबत नाही, सगळा कळप पाजून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. उजेडात खालची पापणी उलटून बघा. लालबुंद असेल तर सोडून द्या, फिकट गुलाबी-पांढरी असेल, म्हणजे रक्त कमी झालं असेल, किंवा गळ्याखाली पाणी उतरलं असेल तर पाजा. दक्षिण आफ्रिकेत याच कामासाठी फामाचा नावाचं पाच रंगांचं कार्ड निघालं. न पाजलेल्या शेळ्यांत औषधाला मरणारे जंत शिल्लक राहतात, ते चिवटांत मिसळतात आणि औषध जास्त वर्षं लागू पडतं. तळ्याकाठी चारत असाल तर पापणी पर्णकृमीनेही पांढरी पडते (हा यकृतातला चपटा जंत, गोगलगायीतून येतो), तेव्हा आधी लेंडी तपासून घ्या.

गनची तक्रार एवढीच की मूठ पुरुषी हाताच्या मापाची आहे, दहाव्या शेळीला माझा अंगठा भरून येतो. आणि रबरी वायसर लवकर झिजतो. औषध दाट असतं, वापरून तशीच ठेवली तर दट्ट्या अडकतो. लगेच कोमट पाण्याने धुवा. पाचपैकी चार. पाच-सहाच शेळ्या असतील तर घेऊ नका, सुई काढलेली २० मिलीची सिरिंज पुरते. घेणार असाल तर दुकानातच दोन वायसर जादा मागून घ्या, नंतर ते सुटे मिळत नाहीत.