गाडीची मिसिंग, ३७,२०० रुपयांचं कच्चं बिल आणि चोरीला गेलेला कॅट

३७,२०० रुपये. एवढे पैसे मोजून मला काय मिळालं? तीच मिसिंग (इंजिनचा सिलिंडर नीट न पेटणं), तोच पिवळा दिवा, आणि गाडीच्या पोटाखालून गायब झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा 'कॅट'. घरचे म्हणतात, कशाला चारचौघांत सांगतेस, लोक हसतील. हसू देत. मी गप्प बसले तर तो गॅरेजवाला माणूस उद्या आणखी कुणाची तरी गाडी अशीच आत घेईल.

गाडी २०१३ ची, चार सिलिंडरची, कंपनी फिटेड सीएनजी. मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) गांधीनगरचा पूल चढताना ती धक्के देऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगसकट थरथर. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसिंग जोरात आहे, न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये जातंय आणि कॅट तापून खराब होतोय. अशा वेळी गाडी दामटायची नसते. मी दामटली नाही. बाजूला घेतली, पेट्रोलवर टाकून पाहिली. मिसिंग थोडी कमी झाली, पण गेली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मला गाडीतलं काही कळत नाही असा समज कुणी करून घेऊ नये. वीस वर्षं गाडी चालवतेय. पण त्याच आठवड्यात बाबांची केमो होती परळला. उलट्या होणाऱ्या माणसाला घेऊन भांडुपहून रिक्षा, टॅक्सी, लोकल कशी करायची? गाडी लगेच हवी होती आणि हे त्या माणसाला मीच बोलता बोलता सांगितलं होतं. "ताई, तुमची गाडी म्हणजे आमची गाडी. बाबांच्या तारखेआधी देतो." कुणीही विश्वास ठेवला असता.

स्कॅनर लावून त्याने मला स्क्रीन दाखवली. कोड पी ०३०२. याचा अर्थ दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढाच. का होतोय ते कोड सांगत नाही. प्लग असेल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल असेल, इंधन फवारणारा इंजेक्टर असेल, हवा गळत असेल, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी असेल. शोधायची पद्धत सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत: दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला लावायची, तीनची दोनला, कोड मिटवायचा, गाडी फिरवून आणायची. कोड बदलून पी ०३०३ झाला तर कॉइल गेलेली. नाही बदलला तर तसाच प्लग अदलाबदल करून बघायचा. तरीही दोनवरच राहिला तर मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. हे न करता जो थेट पार्ट बदलायला लागतो त्याच्या हातात किल्ली देऊ नका.

याने काय केलं? फोनवर फोन. "ताई, प्लग चारही गेलेत." "ताई, पेट्रोल पंप प्रेशर देत नाही." "ताई, इंजेक्टर जाम आहेत." "ताई, ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, पाणी गेलंय, पावसाळ्यात होतं असं." दर वेळी आवाजात काळजी, दर वेळी मागे बाबांची तारीख. बिल असं झालं: स्कॅनिंग ८००, चार प्लग २,४००, पेट्रोल पंप ६,८००, इंजेक्टर सफाई ३,२००, ईसीएम दुरुस्ती १४,५००, "कॅट चोक, काढून साफ" ५,५००, मजुरी ४,०००. पिवळ्या पॅडवर पेनने लिहिलेलं, वर ना गॅरेजचं नाव ना जीएसटी क्रमांक. पक्कं बिल मागितलं तर म्हणे अठरा टक्के वर पडतील, तुमचंच नुकसान. पैसे ज्या क्यूआरवर गेले तो कुठल्यातरी तिसऱ्याच बाईच्या नावाचा. असा क्यूआर दिसला की पैसे देऊच नका, आधी विचारा.

आता तो क्षण. तो आठवला की रात्रीची झोप उडते.

त्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेले चार जुने प्लग माझ्यासमोर उघडले. "बघा, काय हालत झालीये." चारही काळेकुट्ट, सुके, अगदी एकसारखे. मान डोलावून मी फोन उचलला, कारण हॉस्पिटलमधून फोन आला होता. पण ते प्लग माझ्या गाडीचे नव्हतेच! माझ्या गाडीत इरिडियमचे प्लग होते, मीच बसवून घेतलेले, पावती डॅशबोर्डच्या खणात. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं. त्याच्या हातातल्या चारही प्लगांची टोकं जाड, बोथट, साधी. शिवाय कोड एकट्या दोन नंबरचा होता. बिघाड एका सिलिंडरचा, मग चारही प्लग सारखे काळे कसे? निदान एक तरी वेगळा दिसायला हवा होता, ओला, नाहीतर तेलकट. हे सगळं मला माहीत होतं. डोळ्यांसमोर होतं. पण बाबांचे रक्तपेशींचे काउंट पडलेत हे फोनवर ऐकत असताना माणूस प्लगचं टोक बघत बसतो का? त्याने बरोबर तीच वेळ साधली.

जुने पार्ट फक्त बघू नका. मागून घ्या, पिशवीत घालून घरी न्या. देत नाही म्हणाला तर तिथेच समजा.

गाडी मिळाली तेव्हा दिवा बंद होता. स्कॅनरने कोड मिटवला की दिवा जातोच, त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. घाटकोपरच्या पुढे पुन्हा धक्के आणि पुन्हा दिवा. त्याच्याकडे गेले तर म्हणतो, "आता इंजिन खोलावं लागेल."

शेवटी आमच्या बिल्डिंगमधले काका, बेस्टच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, खाली आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आधी त्या माणसाने विचारायला हवा होता: "पेट्रोलवर पण मिसिंग करते का?" मी म्हटलं, हो, पण कमी. "मग पंप कशाला बदलला?" खरंच आहे. आमच्या गाडीत सीएनजीला स्वतःचे वेगळे इंजेक्टर आहेत. गॅसवर चालताना पेट्रोलच्या पंपाचा आणि पेट्रोल इंजेक्टरचा काही संबंधच येत नाही. दोन्ही इंधनांवर एकाच सिलिंडरची मिसिंग म्हणजे दोष दोघांना सामाईक असलेल्या गोष्टीत: ठिणगी, हवा किंवा कॉम्प्रेशन. आणि गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कॉइल अशक्त झाली की ती आधी सीएनजीवर, चढावर, लोड आल्यावर उघडी पडते. आणि ज्यांचा संबंधच नव्हता त्या पंप आणि इंजेक्टरचे मिळून १०,००० रुपये मी दिलेत.

काकांनी दोन नंबरची कॉइल वर ओढली. तिचा रबरी बूट तेलाने निथळत होता, फुगून मऊ झालेला. प्लग बसतो त्या नळीत काळं तेल साचलेलं, टॉर्च मारल्यावर चमकत होतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं, बस. खाली प्लग होता माझाच जुना, बारीक टोकाचा इरिडियम. चारही माझेच! म्हणजे त्या माणसाने कॉइल एकदासुद्धा उचलली नव्हती. उचलली असती तर ते तेल आंधळ्यालाही दिसलं असतं. ईसीएमच्या बोल्टवरची जुनी धूळसुद्धा तशीच. कॉइल अदलाबदल करून एक चक्कर मारली, कोड पी ०३०३ वर गेला. नवी कॉइल १,८५०, पॅकिंग ६२०, एक प्लग ७००. एकूण ३,१७० रुपयांत मिसिंग बंद.

पण स्कॅनरवर आणखी एक कोड होता, पी ०४२०, कॅट नीट काम करत नसल्याचा. काकांनी गाडीखाली वाकून पाहिलं. कॅटच्या जागी साधा पाइप वेल्ड केलेला. कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला चांगला भाव मिळतो. स्कॅनिंग सोडलं तर बिलातल्या एवढ्या कामांपैकी त्या माणसाने खरोखर केलेलं काम हेच एक, आणि त्याचे ५,५०० रुपयेही माझ्याकडूनच घेतले. गाडी गॅरेजला देण्याआधी खालून फोटो काढा. कॅटच्या कवचावर नंबर असेल तर तोही फोटोत येऊ द्या.

यानंतर पोलीस. बसवून ठेवलं, मग विचारलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? कुणी चाकू लावला होता का?" मग, "एवढ्या शिकलेल्या आहात, बिल का नाही घेतलं?" मग ठरलेलं वाक्य: ही सिव्हिल मॅटर आहे. न बदललेल्या प्लगचे पैसे घेणं सिव्हिल मॅटर? दुसऱ्याच्या गाडीचे पार्ट दाखवून पैसे काढणं फसवणूक नाही? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, नंबर बदलला म्हणून गुन्हा नाहीसा झालेला नाही. आणि माझ्या गाडीतून काढून नेलेला कॅट? ती तर वस्तू आहे, माझी वस्तू! अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब राउंडला गेलेत. आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. मग कुणाच्या येतं, तर माहीत नाही. पण पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, नसेल तर कायद्याने १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो मला, हे मात्र त्यांना तोंडपाठ. तक्रारीच्या फोनवरच्या मुलीला गॅरेजचा जीएसटी क्रमांक हवा होता. कच्चं बिल देणाऱ्या चोराचा जीएसटी क्रमांक मी कुठून आणू? चोराला एका ठिकाणी धरायचं म्हटलं तर प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवते, आणि प्रत्येक खिडकीवर चौकशी होते ती माझीच.

पोलीस ठाण्यात अर्ज घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या. यातलं एक अक्षर मला कुठल्या सरकारी टेबलावर कुणी सांगितलं नाही. वकिलाकडे जाऊन विचारावं लागलं.

यूपीआयच्या नोंदी, पिवळं बिल, इरिडियम प्लगची जुनी पावती, तेलाने भिजलेला कॉइलचा बूट आणि वेल्ड केलेल्या पाइपचे फोटो जोडून मी तक्रार दाखल केली आहे. नव्या ओरिजिनल कॅटचा अंदाज ४१,३०० रुपये आलाय. पीयूसीची मुदत संपत आल्यामुळे ते आत्ता मलाच भरावे लागणार. तक्रारीत बिलाचे ३७,२०० आणि कॅटचे ४१,३०० मिळून ७८,५०० रुपये मागितलेत, मानसिक त्रासाचे वेगळे.