नवी, जुनी की पलीकडची? बेळगावात कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना

गेल्या दिवाळीच्या तोंडावर खानापूरच्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, कोल्हापुरात एक नेक्सॉन बघून ठेवलीय. २०२१ ची, पेट्रोल, सिंगल ओनर. पावणेसात लाख म्हणालेत. तीच गाडी आपल्यात सात-चाळीस सांगालेत. उद्या टोकन देऊन येऊ काय?"

मी म्हटलं, "टोकन राहू दे, आधी नंबर सांग."

"कुणाचा, मालकाचा?"

"गाडीचा."

एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचा. मग त्याला घरी बोलावलं आणि जेवण झाल्यावर एका वहीच्या पानावर हिशेब मांडला. तोच इथं लिहितोय. पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या माणसापुढं नवी की जुनी एवढाच प्रश्न असतो. आपल्याकडं तिसरी वाट फुटते. हायवेनं वर गेलं की कोल्हापूर, चोर्ला घाट उतरलं की गोवा, दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि दोन्हीकडं जुनी गाडी इथल्यापेक्षा स्वस्त दिसते. दिसते असंच म्हणतो, कारण खरी किंमत ती कर्नाटकचा केए नंबर लागून दारात उभी राहते तेव्हा कळते.

स्वस्त का दिसते

कारण कर. कर्नाटकात गाडीचा आजीवन कर देशातल्या सगळ्यात जड करांपैकी एक आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीवर १४ टक्के, दहा ते वीस लाखांवर १७ टक्के, आणि त्या करावर परत उपकर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढं वीसपर्यंत १२. डिझेलला तिकडं दोन टक्के जास्त लागतात, आपल्याकडं पेट्रोल-डिझेल असा भेद नाही. म्हणजे ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीला कोल्हापुरात १ लाख ८ हजार ९०० रुपये कर आणि बेळगावात उपकर सोडून १ लाख ३८ हजार ६००. पहिल्या मालकाला गाडीच तीसेक हजारांनी कमीत पडली, तर तो विकतानाही कमीत विकणार. त्यात चमत्कार काही नाही.

आता ती गाडी इकडं आणायची झाली, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. इकडं नव्या नंबरसाठी फॉर्म २७, मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५. आणि मग आजीवन कर परत भरायचा. हा कर तुम्ही किती रुपयांना घेतली ते बघत नाही. गाडीची मूळची किंमत धरतो आणि वयाप्रमाणं टक्का कमी करतो. पहिल्या चार-पाच वर्षांत हा टक्का फारसा उतरलेला नसतो.

मेहुण्याच्या वहीत आम्ही मूळ किंमत साडेनऊ लाख धरली. १४ टक्क्यांनी १ लाख ३३ हजार होतात. त्यातले तीन चतुर्थांश जरी भरावे लागले, तरी लाखभर रुपये गेले. पावणेसातचे पावणेआठ झाले. एजंटाचे पैसे, कोल्हापूरचे हेलपाटे, नवीन हाय सिक्युरिटी प्लेट हे वेगळंच. आणि 'आपल्यातली' गाडी होती सात-चाळीसला. महाराष्ट्राकडं भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत खिशातून गेलेलाच असतो. मी तो हिशेबात धरत नाही. मिळाला तर गणपतीला मोदक.

"पण एमएच प्लेटवर कितीतरी गाड्या फिरतात की," मेहुणा म्हणाला. फिरतात. निपाणीत फिरतात, चिक्कोडीत फिरतात. ज्याची शेती अलीकडं आणि घर किंवा नोकरी पलीकडं कागल-गडहिंग्लजला आहे, त्यानं तशी गाडी खुशाल ठेवावी, ती त्याच्या खऱ्या पत्त्यावरची आहे. खानापुरातल्या माणसानं मात्र आत्याच्या चंदगडच्या पत्त्यावर गाडी ठेवून दहा वर्षं काढायची म्हटलं, तर प्रत्येक तपासणीला उत्तर तयार ठेवावं लागतं. शिवाय सीमाप्रश्न तापला की आधी नंबरप्लेटलाच झळ लागते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते. मुलांना घेऊन निघालेल्या माणसाला हा घोर कशाला?

लष्करातल्यांची गोष्ट मात्र वेगळी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळं आपल्याकडं घराघरात फौजी आहेत, त्यांना भारत सिरीजचा, म्हणजे बीएच नंबर मिळतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तर नंबर बदलायची भानगड नाही. असा कुणी स्वतःची नवी गाडी घेत असेल, तर त्यानं वरचा सगळा त्रास विसरावा.

पाणी आणि मीठ

पलीकडच्या गाडीबद्दल कराखेरीज दोन गोष्टींची मला धास्ती आहे. कोल्हापूर-सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला, तेव्हा शेकड्यांनी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या धुऊनपुसून कुठं ना कुठं विकल्या गेल्याच. आपल्या जिल्ह्यातही कृष्णा, घटप्रभा, मार्कंडेयच्या काठची गावं बुडाली होती, त्यामुळं चिक्कोडीचा केए-२३ नंबर आहे म्हणून डोळे झाकू नयेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतला भाग गढूळ डागाचा आहे का. स्टेपनी काढून खालचा खड्डा चाचपा. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. आतून नवीन मॅट, नवीन सीटकव्हर आणि वासाची बाटली असं तिन्ही एकदम दिसलं तर हसून निघा.

गोव्याच्या गाडीचं दुखणं खालून. हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका दलालाकडून गोव्याची गाडी घेतली. वरून आरसा. उद्यमबागेत लिफ्टवर चढवली तर खालचा पत्रा पापडासारखा. खाऱ्या हवेनं खाल्लेला. त्यात जुन्या मालकाचं कर्ज फिटलं होतं, पण बँकेचा कागद त्यानं आणलाच नव्हता, म्हणून एनओसी अडकली. पाच महिने गाडी दारात आणि मी बसमध्ये. तेव्हापासून आरसीवर 'हायपोथिकेशन', म्हणजे गाडी बँकेकडं तारण, हा शब्द दिसला की फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत मी पाकीट उघडत नाही.

मग नवी की इथलीच जुनी?

खरी लढत इथं आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ नंतर ती बदललीय. त्या दिवसापासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी सेससकट तो २९ ते ३१ होता. नेक्सॉन, व्हेन्यू, सॉनेट, थ्री एक्स ओ, पंच, फ्रॉन्क्स, काइलॅक सगळ्या ह्यात बसतात. ब्रेझा मात्र लांबीनं बसते आणि इंजिनानं अडकते. १४६२ सीसी असल्यामुळं तिला ४० टक्के. त्यामुळं आज ब्रेझा आणि नेक्सॉनची किंमत शेजारी ठेवताना दोन वर्षांपूर्वीचा अंदाज डोक्यातून काढा.

ह्याचा जुन्या गाडीशी काय संबंध? फार आहे. नवी लाखानं उतरली तर दोन वर्षांची जुनी तेवढीच उतरायला पाहिजे. पण विकणाऱ्याच्या डोक्यात त्यानं भरलेला आकडा असतो. म्हणून दोन वर्षांच्या आतली जुनी गाडी सध्या मी घ्यायला सांगत नाही. नव्याशी फरक थोडा, कर्जाचा व्याजदर जास्त आणि वॉरंटी अर्धी सरलेली.

गोडी आहे ती तीन ते पाच वर्षांच्या, बेळगावच्या केए-२२ किंवा केए-२३ गाडीत. पहिल्या मालकानं कर्नाटकचा तो जड कर पंधरा वर्षांसाठी भरून ठेवलाय. तुम्हाला फक्त नावावर करायची फी. नव्या गाडीत लाख-सव्वा लाख रुपये शोरूमच्या दारातच सरकारला जातात, आणि विकताना ते कुणी परत देत नाही. इथं ते दुसऱ्यानं भरलेत.

नवीच घेणार असाल तर दहा लाखांच्या रेषेवर लक्ष ठेवा. ९ लाख ९० हजारांची गाडी ठरवून गेलात आणि सेल्समननं "तीस हजारांत सनरूफ येतंय की वो" म्हणून १० लाख २० हजारांची गळ्यात घातली, तर कर १ लाख ३८ हजार ६०० वरून १ लाख ७३ हजार ४०० वर जातो. सनरूफ पासष्ट हजारांना पडलं, आणि वर उपकर. दहा लाखांच्या पुढं एक टक्का टीसीएसही लागतो, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच कापून घेतलेला आयकर. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण भरायचा आधीच. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत जांबोटी-कणकुंबीला आभाळ फाटलेलं असतं, तिथं सनरूफ उघडून कोण बघणार आहे?

नवी कुणी घ्यावी? ज्याला ती बारा-पंधरा वर्षं ठेवायचीय त्यानं. एवढ्या वर्षांवर कर वाटला की तो बोचत नाही. ज्याच्या घरात गाडीतलं कुणालाच काही कळत नाही आणि विश्वासाचा मेस्त्रीही नाही, त्यानंही. आणि ज्याला सहा एअरबॅग पाहिजेत, त्यानं तर नक्कीच. २०२१-२२ च्या बऱ्याच कॉम्पॅक्ट गाड्यांच्या मधल्या व्हेरियंटला दोनच होत्या. बाकीच्यांना मी जुनी सांगेन.

जुन्यात कुठली

खड्डे, उसाच्या ट्रॉल्या, लाल चिखल आणि वर्षातून चारदा आंबोली किंवा चोर्ला हे आपलं वापराचं चित्र. २०१८ च्या शेवटी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच स्टार मिळवणारी नेक्सॉन पहिली भारतीय गाडी होती. आजही चेसिस भक्कम वाटते, मागं तिघं नीट बसतात, डिकी मोठी. तक्रारी येतात त्या बारीकसारीक इलेक्ट्रिकच्या, म्हणून घेताना प्रत्येक बटण दाबून बघा. एक्सयूव्ही थ्री डबल ओ चालवायला ह्या सगळ्यात मजेची, तिलाही पाच स्टार, पण डिकी एवढीशी. लग्नाला सहकुटुंब जायचं तर बॅगा मांडीवर. व्हेन्यू गावात सुटसुटीत, पण मागच्या सीटवर तिघं मोठे म्हणजे खांद्याला खांदा. इकोस्पोर्ट अजून कुणी स्वस्तात देतं. गाडी दणकट आहे, पण फोर्डनं २०२१ मध्ये इथल्या बाजारासाठी गाड्या बनवणं थांबवलं. पार्टसाठी वाट बघायची तयारी असेल तरच.

माझा जीव मात्र जुन्या व्हिटारा ब्रेझा डिझेलवर आहे. १२४८ सीसीचं ते इंजिन आपल्या प्रत्येक मेस्त्रीला पाठ आहे आणि पार्ट कुठंही मिळतात. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पाच-सहा वर्षांची. दर आठवड्याला गोव्याला भाजी-दूध नेणाऱ्यानं हीच शोधावी. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपासून कॅम्पातल्या शाळेपर्यंत एवढीच धाव असेल, तर कुठलंही डिझेल नको. बीएस-६, म्हणजे २०२० पासूनच्या प्रदूषण नियमातल्या डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. रोजच्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापत नाही, तुंबतो, आणि त्याचं बिल बघून माणूस तापतो.

पेट्रोलमध्ये एक प्रश्न मला हल्ली सगळे विचारतात. आपल्याच कारखान्यांच्या उसातून निघालेलं इथेनॉल आता पंपावर वीस टक्के मिसळून येतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीची बंद पडत नाही, पण मायलेज थोडं घटतं. जुनी घेताना इंधनाचे रबरी पाइप तेवढे तपासून घ्या.

विमा थोडक्यात. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणाऱ्याचा पन्नास टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा पुढच्या हप्त्याचा आकडा आधीच विचारा. पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवर राहू देऊ नका, नाहीतर हत्तरगी-कोगनोळीचे पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि भांडण तुमच्याशी होतं.

मेहुण्याचा मुलगा आणि मुलगी रोज खानापूरहून बेळगावला शाळेत, महिन्यातून एकदा गोवा. त्यानं शेवटी शहापुरातल्या एका मास्तरांची केए-२२ नेक्सॉन घेतली. २०२२ ची, पेट्रोल, सात लाख पंचवीस हजार. मास्तरांनी सर्व्हिसची सगळी बिलं एका फाइलीत तारखेनं लावून ठेवली होती. मी गाडीच्या खाली वाकायच्या आधी ती फाइल बघितली आणि मेहुण्याला डोळ्यानं खूण केली. पंधरा हजार कमी करायचं राहूनच गेलं, कारण मास्तरीणबाईंनी तोवर चहा आणि बेळगावचा कुंदा पुढं केला होता.