नागपूरचं सरकारी डेंटल: माझी दाढ आणि सासूबाईंची कवळी

दुखरी दाढ काढून टाकण्याशिवाय ज्यांना दुसरं काही परवडत नाही, त्यांनी आधी मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावं. आमच्या वस्तीत चाळिशी न गाठलेल्या कितीतरी बायकांना मागच्या दाढा नाहीत. त्यातल्या बऱ्याच दाढा वाचल्या असत्या, पण पैसे नव्हते म्हणून काढल्या. मलाही घराजवळच्या एका दवाखान्यात तेच सांगितलं होतं: रूट कॅनाल आणि कॅप मिळून सात हजार, काढायची असेल तर चारशे. मी लोकांकडे स्वयंपाक करते, नवरा ई-रिक्षा चालवतो. सात हजारात आमचं भाडं आणि महिन्याचा किराणा निघतो. पाच लाखांचं आरोग्य कार्ड आहे, पण ते रूट कॅनालला आणि कवळीला चालत नाही.

डेंटल हे मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्याच आवारात आहे. आधी केसपेपर, मग तपासणी आणि एक्स-रे, मग कोणत्या विभागात जायचं ते कागदावर लिहून देतात. दात काढायचा विभाग वेगळा, रूट कॅनालचा वेगळा, हिरड्यांचा वेगळा, कवळी आणि कॅपचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा. त्यामुळे पहिला दिवस बहुतेक तपासणीतच जातो, त्या दिवशी दाढ भरून मिळेल या आशेने जाऊ नका. प्रत्येक गोष्टीची वेगळी पावती असते. पिवळं रेशन कार्ड असेल तर सोबत ठेवा आणि सवलतीचं काउंटरवर आधीच विचारा. माझा सगळा खर्च त्या सात हजारांच्या जवळपासही गेला नाही.

लोकांना भीती वाटते ती "शिकाऊ पोरांची". माझ्या दाढेचं काम एम.डी.एस. (दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण) करणाऱ्या मुलीने केलं. तिने दाढेभोवती रबराचा पडदा लावला, थुंकी आत जाऊ नये आणि औजार घशात पडू नये म्हणून. मुळांमध्ये बारीक सुया घालून एक्स-रे काढला, लांबी मोजली, शिकवणाऱ्या मॅडमना दाखवली, आणि मॅडमनी हो म्हटल्यावरच पुढे गेली. प्रत्येक पायरीला असंच. वेळ लागतो तो यामुळे, आणि माझं म्हणणं आहे की लागू द्यावा. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते, कॅप बसवल्याशिवाय थांबू नका, हे तिने मला इतक्या वेळा बजावलं की मी आता शेजारणींना बजावते. दुखणं थांबलं की बायका येणं सोडून देतात आणि वर्षभरात दाढ फुटते. मी साधी धातूची कॅप घेतली. मागे दिसत नाही आणि मजबूत असते.

सासूबाईंची कवळी हा मोठा उद्योग होता. मिश्री लावून लावून हिरड्या गेलेल्या, एकही दात नाही, भाकरी दुधात कुस्करून खायच्या. पहिलं माप, मग नेमकं माप, मग वरचा-खालचा जबडा कसा जुळतो ते बघणं, मग मेणात दात बसवून तोंडात घालून दाखवणं, आणि शेवटी पक्की कवळी. मेणाच्या वेळीच जे बोलायचं ते बोलून घ्या, नंतर बदलता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाई, हे फार पांढरे आहेत, माझ्या वयाला शोभत नाहीत." कवळी करणाऱ्या शिकाऊ मुलाने हसून नाही, नीट ऐकून घेतलं आणि दातांची छटा बदलली. मला ते फार भावलं. पुढच्या तारखेला तो स्वतः फोन करून बोलवायचा.

वरची कवळी घट्ट बसली आहे. खालची थोडी हलते, कारण दात जाऊन बरीच वर्षं झाली की खालचं हाड झिजतं. सुरुवातीला हिरडीला छाले आले, ते दाखवल्यावर कवळी घासून दिली. छाले आले म्हणून कवळी डब्यात ठेवून देऊ नका, परत जा. रात्री काढून पाण्यात ठेवायची.

खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची. नवऱ्याचा दिवस बुडाला की त्या दिवशीची कमाई बुडते, म्हणून त्याच्याऐवजी मीच सासूबाईंना न्यायची आणि माझी तारीखही त्याच दिवशी मागून घ्यायची. विचारलं तर शक्य असेल तेव्हा देतात. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षा आणि सुट्ट्या कधी आहेत तेही आधी विचारा, कारण तेव्हा कामं पुढे ढकलली जातात. बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या आणि काहीतरी खाऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगा.

रांगेत विशी-पंचविशीची मुलं बघून मात्र पोटात कालवलं. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, यांची दोनही जात नाहीत. सगळा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर मिळतो, आणि त्यातल्या सुपारीनेच गाल आतून आवळत जातात. पुढे कॅन्सर होऊ शकतो. माझ्या दिराला तिखट लागलं की तोंडात आग होते, म्हणून त्यालाही नेलं. खर्रा बंद कर, हे त्याला डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं. तुमच्या घरात कोणाला तिखट झोंबत असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर दात दुखायची वाट न बघता तपासणी विभागात दाखवून या.