पायलट ट्रेनिंगला पैसे भरायच्या आधी शिकवणाऱ्याचं लायसन्स बघा

कोल्हापुरातली लय पोरं आता पायलट व्हायच्या मागं आहेत, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. माझ्या भाच्याला राजारामपुरीतल्या एका एजंटानं परराज्यात ट्रेनिंगला पाठवलं. निम्मी फी आगाऊ, ती आक्कानं उसाचं बिल आणि सोसायटीचं कर्ज घालून भरली.

तिथला शिकवणारा 'कॅप्टन' एकदा सेसना, म्हणजे ट्रेनिंगचं छोटं विमान, उतरवत होता, भाचा शेजारी. स्पीड जास्त, पुढचं चाक आधी टेकलं आणि विमान उसळलं. अशा वेळी नाक स्थिर धरून थोडी पॉवर द्यायची नाहीतर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर उडायचं असतं, पण ह्यानं कंट्रोल पुढं दाबला, परत उसळलं, परत आपटलं, शेवटी पुढचं चाक मोडून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) रनवेला घासला. पोरगं वाचलं, अंबाबाईची कृपा.

चौकशीवाल्यांनी रनवेवरचे पंख्याचे ओरखडे मोजले, फोटो घेतले, मग लायसन्स, मेडिकल, लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची वही) मागितलं आणि तिथं सगळं बाहेर आलं. शिकवायचं रेटिंग, म्हणजे शिकवायची परवानगी, सोडाच, त्याच्याकडं चालू लायसन्सच नव्हतं, दाखवायचा ती झेरॉक्स बनावट. 2011 मध्येपण गोव्याला एक प्रवासी विमान असंच पुढच्या चाकावर उतरवलं होतं आणि त्या चौकशीतनं पायलटची मार्कशीट खोटी निघाली होती. म्हणजे लँडिंग बिघडेपर्यंत कागद कुणी बघतच नाही, याचा मला लय राग येतो.

कमर्शियल लायसन्सला उड्डाणाचे 200 तास लागतात, भाच्याचे त्या माणसाबरोबरचे सगळे तास बाद. आणि अपघाताची चौकशी कारण शोधायला असते, पैसे मिळवून द्यायला नाही, त्यासाठी पोलिसांत वेगळा अर्ज द्यावा लागला. एजंटाच्या ऑफिसला तोवर कुलूप.

पोराला पाठवताय तर डीजीसीएच्या (विमानांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) वेबसाइटवर मान्यता असलेल्या संस्थांची यादी आहे, तिच्यात नाव नसेल तर उठून या. इन्स्ट्रक्टरचं ओरिजिनल लायसन्स, रेटिंग आणि मेडिकलची तारीख मागा, खरा माणूस चिडत नाही. आमच्याकडनं पैसे एजंटाच्या पर्सनल खात्यावर घेतले होते आणि पावती दिली ती कोऱ्या कागदावर शिक्का मारून. तुमच्याकडं असली पावती असेल तर पुढचा हप्ता आजच थांबवा.